राणीचं देवघर

इंग्लंडचं एखादं नाणं कधी हाती आलं, तर ते जरा नीट न्याहाळून पाहा. राजाच्या चेहऱ्याभोवती जी बारीक अक्षरं असतात, त्यांत ‘एफ. डी.’ अशी दोन अक्षरं सापडतील. दोन लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं, अर्थ ‘धर्मरक्षक’. ही पदवी इंग्लंडच्या राजाला मिळाली ती रोमच्या पोपकडून, १५२१ साली. आणि गंमत अशी, की पोपला मानणाऱ्या कॅथॉलिक माणसाला इंग्लंडच्या गादीवर बसायला आजही कायद्यानं मनाई आहे! पदवी पोपची आणि बंदीही पोपच्याच माणसाला. हे असं उलटंपालटं झालं तरी कसं?

शाळेत आपण हा इतिहास शिकलो तो सनावळ्यांच्या अंगानं. लढाया, तह, कायदे. पण जरा मुळाशी गेलं की दिसतात ती घरातलीच माणसं. एक टाकलेली बायको, दोन सावत्र बहिणी, परमुलखातून आलेली सून, बापाच्या विरोधात गेलेल्या लेकी. राजानं कोणत्या पद्धतीनं प्रार्थना करायची, हा प्रश्न निघाला दरबारात. पण त्याची पहिली झळ लागली ती राजाच्या घरातल्या बायकांना. आणि मग घराघरांतून साऱ्या देशाला.

मूळ भांडण काय होतं, तेही दोन शब्दांत सांगायला हवं. ख्रिस्त दोघांचाही एकच, बायबलही एकच. पण कॅथॉलिक मंडळी पोपला ख्रिस्ताचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी मानतात. मिस्साच्या वेळी भाकरी आणि द्राक्षरस हे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी त्यांची श्रद्धा. संतांची प्रार्थना, जपमाळ, ब्रह्मचारी धर्मगुरू हे सगळं त्यांच्याकडचं. जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं १५१७ साली या व्यवस्थेला आव्हान दिलं आणि त्यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. त्यांचं म्हणणं असं, की बायबल आपापल्या भाषेत वाचा आणि देवाशी थेट नातं जोडा. मध्ये पोप नको.

दिराशी लागलेलं लग्न

स्पेनची राजकन्या कॅथरिन इंग्लंडात आली ती थोरल्या राजपुत्राची, आर्थरची वधू म्हणून. १५०१च्या नोव्हेंबरात लग्न झालं आणि पाचएक महिन्यांत आर्थर वारला. कॅथरिन सोळाव्या वर्षी विधवा झाली. पुढं तिचं लग्न धाकट्या दिराशी, हेन्रीशी ठरलं. भावाच्या विधवेशी लग्न करायला धर्माची आडकाठी, म्हणून पोपची खास परवानगी काढली. १५०९ साली हेन्री गादीवर आला आणि त्याच वर्षी हे लग्न लागलं.

हा आठवा हेन्री तरुणपणी पक्का कॅथॉलिक. ल्यूथरचं खंडन करणारं पुस्तक त्याच्या नावानं निघालं आणि पोप खूष झाला. नाण्यावरची पदवी ती हीच.

पण संसारात एक दुखरी जागा होती. कॅथरिनला बरीच बाळंतपणं झाली. एक मुलगा तर बावन्न दिवस जगून गेला. हाती लागली ती एकटी मेरी, १५१६ साली जन्मलेली. हेन्रीला गादीला मुलगा हवा होता, आणि मन बसलं होतं अॅन बोलिनवर. भावाच्या बायकोशी लग्न करणारा निपुत्रिक राहील, असं बायबलच्या एका ग्रंथात म्हटलेलं आहे. निपुत्रिक वारलेल्या भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करावं, असं दुसऱ्या ग्रंथात आहे. हेन्रीनं पहिलं तेवढं उचललं. त्याला ते मनापासून पटलंही असेल. माणसाला सोयीचं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

१५२९ साली लंडनमध्ये या लग्नाची चौकशी बसली. भरसभेत कॅथरिन नवऱ्यापुढं गुडघे टेकून बसली. आपण वीस वर्षं त्याची एकनिष्ठ पत्नी आहोत आणि आर्थरशी आपलं लग्न नावापुरतंच होतं, हे तिनं सांगितलं. मग ती उठली आणि बाहेर चालू लागली. मागून पुकारे होत राहिले, तिनं वळून पाहिलं नाही.

पोपनं लग्न मोडायला नकार दिला. त्यालाही निव्वळ धर्म अडवत नव्हता. कॅथरिनचा भाचा सम्राट चार्ल्स याच्या फौजांनी १५२७ साली रोम लुटलं होतं, त्याची दहशत होती. शेवटी हेन्रीनं १५३३ साली अॅनशी लग्न केलं, आणि १५३४च्या कायद्यानं इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख पोप नव्हे, राजा, असं ठरवून टाकलं. कॅथरिननं ‘राणी’ हे आपलं पद सोडायला शेवटपर्यंत नकार दिला. तिला दूर एका गढीवजा वाड्यात ठेवलं. लेकीला भेटू दिलं नाही. १५३६च्या जानेवारीत ती तशीच गेली. त्याच वर्षी वीस वर्षांच्या मेरीकडून कागदावर सही घेतली गेली: बाप हाच चर्चचा प्रमुख, आणि आईचं लग्न बेकायदा. म्हणजे आपण अनौरस, हे लेकीनं स्वतःच्या सहीनं कबूल करायचं!

एवढं सगळं करून हेन्री प्रॉटेस्टंट झाला का? मुळीच नाही. मठ बंद करून त्यांच्या जमिनी त्यानं घेतल्या, पण मिस्सा लॅटिनमध्येच चालू राहिली. धर्मगुरूंनी लग्न करू नये, भाकरीचं ख्रिस्तशरीर होतं, हे १५३९ साली त्यानं कायद्यानंच बजावलं. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी सहा धर्मगुरूंना मारलं. तिघे प्रॉटेस्टंट, म्हणून जाळले. तिघे पोपला मानणारे, म्हणून राजद्रोही ठरवून फासावर चढवले. त्यांतला एक मेरीचा जुना शिक्षक होता. राजाच्या उजवीकडे उभं राहिलं तरी मरण, डावीकडे राहिलं तरी मरण. आणि राजा नेमका कुठं उभा आहे, हे रोज सकाळी पाहावं लागायचं.

एका कबरीतल्या दोघी

हेन्रीची तीन मुलं, तीन आयांची. तिघंही गादीवर बसली आणि तिघांनी देशाचा धर्म तीनदा फिरवला.

आधी धाकटा एडवर्ड, १५४७ साली, वयाच्या नवव्या वर्षी. हा कट्टर प्रॉटेस्टंट. चर्चमधली चित्रं, मूर्ती निघाल्या, प्रार्थना इंग्रजीत आली. मेरीला मात्र आईची मिस्सा सोडवेना. तिच्या घरात ती चालूच राहिली. एडवर्डनं तिला दटावलं तेव्हा ती रडली, आणि तिला रडताना पाहून तो पोरगाही रडला. पण हुकूम मागं घेतला नाही. १५५१ साली मेरी लंडनात आली ती बरोबरच्या माणसांच्या हाती जपमाळा देऊन, भर रस्त्यानं.

एडवर्ड पंधराव्या वर्षी गेला. १५५३ साली मेरी राणी झाली आणि धर्म पुन्हा रोमकडं वळला. आईवरचा अन्याय पुसून काढायचा आणि देशाला नरकातून वाचवायचं, ही दोन्ही कामं तिच्या मनात एकच होती. ती ढोंगी नव्हती. हेच तर भयंकर. तिच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. त्यांत पन्नासाहून अधिक बायका होत्या. ज्या बाईनं स्वतःची मिस्सा वाचवण्यासाठी भावाशी झगडा केला, तिला दुसऱ्या बाईची इंग्रजी प्रार्थना सहन झाली नाही.

या काळात धाकटी सावत्र बहीण एलिझाबेथ काय करत होती? जीव वाचवत होती. ती वाढली प्रॉटेस्टंट वळणात. मेरीच्या आग्रहावरून ती पहिल्यांदा मिस्साला निघाली ती ‘पोटात दुखतंय’ अशी वाटेत मोठ्यानं कुरकुर करत! पण गेली. तरी १५५४ साली बंडाच्या संशयावरून तिला टॉवरच्या तुरुंगात बसावं लागलंच.

१५५८ साली मेरी वारली आणि एलिझाबेथ राणी झाली. इंग्लंड पुन्हा प्रॉटेस्टंट. या बाईचं स्वतःचं मत काय, हे आजही पंडितांना नेमकं सांगता येत नाही. आपल्या खाजगी प्रार्थनामंदिरात तिनं क्रूस आणि मेणबत्त्या ठेवल्या, तेव्हा प्रॉटेस्टंट बिशप अस्वस्थ झाले. धर्मगुरूंनी लग्नं केलेली तिला आवडत नसत. पण मिस्सात भाकरी उंच धरली की ती उठून जाई. बापानं ‘चर्चचा सर्वोच्च प्रमुख’ अशी पदवी घेतली होती. तिनं १५५९ साली ‘सर्वोच्च शासक’ असा मवाळ शब्द घेतला. बाईला प्रमुख म्हणायला कुरकुरणाऱ्यांचीही सोय झाली. वरवरची शिस्त पाळा, आत काय आहे ते मी विचारत नाही, असा तिचा सुरुवातीचा खाक्या होता.

तो टिकला नाही. १५७० साली पोपनं तिला धर्मबहिष्कृत केलं आणि प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. त्या दिवसापासून प्रत्येक कॅथॉलिक माणूस संशयित झाला. रविवारी चर्चला न जाण्याचा दंड आधी बारा पेन्स होता, तो १५८१ साली महिन्याला वीस पौंड झाला. यॉर्क शहरात मार्गारेट क्लिदरो नावाची एका खाटकाची बायको होती. नवरा प्रॉटेस्टंट, ती कॅथॉलिक झालेली. नवरा तिचे दंड भरायचा. तिनं पळून आलेल्या धर्मगुरूंना घरात लपवलं, म्हणून १५८६ साली तिला पकडलं. खटला चालला तर आपल्याच मुलांना आपल्याविरुद्ध साक्षीला उभं करतील, म्हणून तिनं गुन्हा कबूल की नाकबूल, हे सांगायलाच नकार दिला. त्याची शिक्षा म्हणजे अंगावर वजनं ठेवून चिरडून मारणं. ती तशी मेली. राणी मेरीच्या चितांबद्दल इंग्रजी पुस्तकांतून पुष्कळ लिहिलं गेलं. मार्गारेटचं नाव त्या मानानं कमी घेतलं जातं.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत मेरी आणि एलिझाबेथ एकाच कबरीत आहेत. वर संगमरवरी पुतळा आहे तो एकट्या एलिझाबेथचा. खाली कोरलेला लॅटिन मजकूर मात्र दोघींचा आहे: सिंहासनावर आणि कबरीत सोबत असलेल्या या दोन बहिणी पुनरुत्थानाच्या आशेनं इथं झोपल्या आहेत, अशा अर्थाचा. जिवंतपणी एका देवळात ज्यांना बसता आलं नाही, त्यांना मेल्यावर एका अंथरुणावर निजवलं.

आंदणात मुंबई आणलेली सून

पुढच्या शतकात राजे प्रॉटेस्टंट, पण सुना कॅथॉलिक, असा प्रकार सुरू झाला. कारण सरळ होतं. युरोपातली बडी राजघराणी, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, सगळी कॅथॉलिक. मोठ्या घरची मुलगी आणायची तर तिचा देवही बरोबर यायचा. सोयरिकीच्या करारात सुनेच्या देवघराचं स्वतंत्र कलम असायचं: तिचे धर्मगुरू, तिची मिस्सा, तिचं प्रार्थनामंदिर.

पहिल्या चार्ल्सची फ्रेंच राणी हेन्रिएटा मारिया १५२५ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनी, १६२५ साली पंधराव्या वर्षी इंग्लंडात आली. प्रॉटेस्टंट विधी नको म्हणून नवऱ्याच्या राज्याभिषेकाला ती अभिषिक्त झालीच नाही. लोकांना ती कायम खुपली. राजाला ती कॅथॉलिक करणार, या धास्तीनं पुढच्या यादवीच्या आगीत तेलच ओतलं. १६४९ साली चार्ल्सचं डोकं उडवलं गेलं.

त्याच्या मुलाची, दुसऱ्या चार्ल्सची राणी तर आपल्या नात्यातलीच म्हणायची! पोर्तुगालची कॅथरिन ऑफ ब्रागांझा. १६६१च्या विवाहतहात तिच्या बापाच्या घराण्यानं जे आंदण दिलं, त्यात आफ्रिकेतलं टँजियर, भली मोठी रोकड आणि आपली मुंबई होती. बेट प्रत्यक्ष हाती यायला १६६५ उजाडलं, आणि १६६८ साली राजानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. मुंबईच्या या कहाणीत एक बारीकशी गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. मुंबईत राहणाऱ्या लोकांना कॅथॉलिक धर्म पूर्वीसारखाच मोकळेपणानं पाळता येईल, अशी हमी त्या तहात घातलेली होती. म्हणजे इंग्लंडात कॅथॉलिक माणसाला चोरून मिस्सा ऐकावी लागत होती, त्याच वेळी इंग्लंडच्या राजाच्या मुंबईत ती उघड चालणार होती. सुनेच्या देवघराचं कलम थेट आपल्या समुद्रापर्यंत पोहोचलं.

पोर्टस्मथ बंदरात २१ मे १६६२ला लग्न लागलं, तेही दोनदा. आधी आतल्या खोलीत, गुपचूप, कॅथॉलिक पद्धतीनं. मग बाहेर चारचौघांत इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीनं. कॅथरिनच्या वाट्याला सुख असं थोडंच आलं. मूल झालं नाही. नवऱ्यानं आपली अंगवस्त्रं तिच्याच दालनात सेवेला आणून ठेवली. दरबारात चहा पिण्याची टूम तिनं रुजवली, एवढीच तिची लोकप्रिय आठवण राहिली. १६७८ साली ‘कॅथॉलिक कटा’चं खोटं कुभांड उठलं, तेव्हा राणीच राजाला विष घालणार आहे, असा आरोप तिच्यावर झाला. तिला सोडून दुसरी प्रॉटेस्टंट बायको करा, असं राजाला सांगणारे पुष्कळ होते. चार्ल्सनं आयुष्यात फार थोड्या गोष्टी ठामपणे केल्या. त्यांतली एक म्हणजे त्या वेळी बायकोला सोडायला दिलेला नकार.

आणि त्याची स्वतःची श्रद्धा? १६७० साली फ्रान्सशी केलेल्या गुप्त तहात आपण कॅथॉलिक होऊ, असं त्यानं लिहून दिलं होतं, आणि पुढं पंधरा वर्षं त्यातलं काही केलं नाही. १६८५च्या फेब्रुवारीत तो मरणाला टेकला. तेव्हा राणीच्या आश्रयाला असलेल्या हडलस्टन नावाच्या म्हाताऱ्या कॅथॉलिक धर्मगुरूला मागच्या जिन्यानं गुपचूप वर आणलं. १६५१ साली लढाई हरून पळताना याच माणसानं चार्ल्सला लपवलं होतं. तेव्हा देह वाचवला, आता आत्मा वाचवायला आला. चर्च ऑफ इंग्लंडचा मुख्य कॅथॉलिक होऊन मेला. तेवढ्यासाठी त्याला राणीच्या देवघरातला माणूस बोलवावा लागला.

निखाऱ्याच्या पात्रातलं बाळ

चार्ल्सचा भाऊ जेम्स भित्रा नव्हता. तो उघड कॅथॉलिक झाला. पण त्याच्या दोन्ही मुली, मेरी आणि अॅन, यांना राजाच्या हुकमानं प्रॉटेस्टंट वळणात वाढवलं होतं. जेम्स गादीवर आला तेव्हा लोकांनी मनाची समजूत घातली: हा म्हातारा होत चाललाय, याच्यामागून थोरली मेरी येईल, सगळं सुरळीत होईल.

आणि १० जून १६८८ला त्याच्या दुसऱ्या कॅथॉलिक बायकोला मुलगा झाला!

मग जी कुजबुज सुरू झाली तिला तोड नाही. मूल राणीचं नाहीच. दुसऱ्या कुणाचं तरी तान्हं मूल निखाऱ्याच्या पात्रातून खोलीत आणलं! थंडीच्या दिवसांत अंथरूण ऊबदार करायला लांब दांड्याचं, झाकणाचं पितळी पात्र वापरत, ते हे. बाळंतिणीच्या खोलीत त्या वेळी दरबारी माणसांची दाटी होती. राजाला पुढं चाळीसाहून अधिक लोकांच्या साक्षी नोंदवून घ्याव्या लागल्या. स्वतःच्या बाळंतपणाची अशी चारचौघांत उलटतपासणी झालेली पाहून त्या बाईला काय वाटलं असेल! कुजबुज पसरवण्यात सावत्र लेकीही मागं नव्हत्या. धाकटी अॅन नेमकी त्या वेळी बाथला गेली होती. हॉलंडात असलेल्या मेरीनं तिला पत्र पाठवलं, आणि त्यात बाळंतपणाबद्दल प्रश्नांची यादीच होती: कोण हजर होतं, कुणी काय पाहिलं.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला मेरीचा नवरा विल्यम फौज घेऊन उतरला. अॅनही बापाला सोडून गेली. जेम्स फ्रान्सला पळाला. पुढं १७०१च्या कायद्यानं कायमचं ठरवून टाकलं, की कॅथॉलिक असणारा किंवा कॅथॉलिक माणसाशी लग्न करणारा कुणीही गादीवर बसणार नाही. अॅनला सतरा वेळा दिवस गेले, पण एकही मूल जगलं नाही. १७१४ साली ती गेली तेव्हा पन्नासाहून जास्त जवळचे कॅथॉलिक नातलग बाजूला सारून जर्मनीतून जॉर्जला आणावं लागलं. तो दूरचा, पण प्रॉटेस्टंट.

या कायद्याचा काच एका बाईनं फार सोसला. मारिया फिट्झहर्बर्ट ही दोनदा विधवा झालेली, धर्मनिष्ठ कॅथॉलिक बाई. युवराज जॉर्ज तिच्यामागं लागला. लग्नाशिवाय नाही, असं ती म्हणाली. १७८५च्या डिसेंबरात तिच्याच घरी गुपचूप लग्न लागलं. तिच्या धर्माप्रमाणं ते पक्कं लग्न. राजाच्या संमतीवाचून झालेलं म्हणून देशाच्या कायद्यानं ते लग्नच नव्हे. ते खरं मानलं असतं तर युवराजाची गादी गेली असती. म्हणून गादी राहिली आणि बायको गेली. दहा वर्षांनी त्यानं रीतसर प्रॉटेस्टंट राजकन्येशी लग्न केलं. कॅथॉलिकांना पार्लमेंटची दारं उघडणाऱ्या १८२९च्या कायद्यावर याच चौथ्या जॉर्जनं कुरकुरत सही केली. पुढच्या वर्षी तो वारला आणि पुरला गेला तो मारियाची छोटी तसबीर गळ्यात घालून.

व्हिक्टोरियाची लेखणी

व्हिक्टोरिया राणीचं नाव आपल्याकडं घरोघर माहीत. तिची धर्मवृत्ती साधी. इंग्लंडात ती चर्च ऑफ इंग्लंडची मुख्य, पण स्कॉटलंडला गेली की बालमोरलजवळच्या क्रेथी गावच्या साध्या चर्चमध्ये जायची. ते चर्च वेगळ्या पंथाचं. तिथं बिशप नाहीत, थाटमाट नाही. १८७३ साली तिनं तिथला पवित्र प्रसाद घेतला, तेव्हा इंग्लंडातल्या कर्मठांना ते मुळीच रुचलं नाही.

१८५७च्या उठावानंतर हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडं आला. त्यासाठी जाहीरनाम्याचा मसुदा तयार झाला. त्यात इथले धर्म आणि चालीरीती खिळखिळ्या करण्याची ताकद सरकारपाशी आहे, असा सूर होता. राणीनं तो परत पाठवला. पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांना तिनं कळवलं, की रक्तरंजित युद्धानंतर दहा कोटींहून जास्त लोकांशी एक स्त्री बोलते आहे, हे ध्यानात ठेवून तो पुन्हा लिहा. १ नोव्हेंबर १८५८च्या जाहीरनाम्यात मग असं आलं, की ख्रिस्ती धर्माच्या सत्यावर आपला पूर्ण विश्वास आहे. पण तो विश्वास प्रजेवर लादण्याचा हक्कही आपल्याला नाही आणि इच्छाही नाही.

राज्य करणाऱ्यांचे शब्द आणि करणी यांत किती अंतर असतं, ते आपण पुढं नव्वद वर्षं पाहिलंच. लगानाला आणि तुरुंगाला या जाहीरनाम्यानं आळा बसला नाही. पण ‘माझी श्रद्धा माझ्यापाशी’ हे वाक्य तीनशे वर्षांपूर्वी मेरीला सुचलं असतं, एलिझाबेथला पेललं असतं, तर किती घरं वाचली असती!

पुन्हा लग्नाचीच गोष्ट

विसाव्या शतकात चिता विझल्या, पण लग्नाचा पेच सुटला नाही. एका राजाला बायको सोडता यावी म्हणून जे चर्च रोमपासून तुटलं, त्याच चर्चला १९३६ साली घटस्फोटितेशी लग्न करू पाहणारा आठवा एडवर्ड चालला नाही. त्याला गादी सोडावी लागली. १९५५ साली दुसऱ्या एलिझाबेथची धाकटी बहीण मार्गारेट हिनं घटस्फोटित पीटर टाउनसेंडशी लग्न न करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि ख्रिस्ती विवाह अभंग असतो ही चर्चची शिकवण त्यात सांगितली. पन्नास वर्षांनी, २००५ साली, युवराज चार्ल्सनं घटस्फोटित कॅमिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आई त्या नोंदणीला गेली नाही. पाठोपाठ झालेल्या चर्चमधल्या आशीर्वादाच्या प्रार्थनेला मात्र ती हजर राहिली. आई आणि चर्चची मुख्य या दोन नात्यांतून तिनं काढलेली ही वाट. दुसरी एलिझाबेथ मनापासून श्रद्धाळू बाई होती. १९५३च्या राज्याभिषेकात पवित्र तेल लावण्याचा विधी टेलिव्हिजनवर दाखवू दिला नव्हता. तो तिचा आणि देवाचा क्षण मानला गेला.

कॅथॉलिक माणसाशी लग्न केलं तर गादीचा हक्क जाणार, ही १७०१ची अट २०१३च्या कायद्यानं रद्द झाली आणि २०१५ साली तो अमलात आला. म्हणजे आता कॅथॉलिक सून चालते. राजा किंवा राणी स्वतः कॅथॉलिक असलेली मात्र चालत नाही.

६ मे २०२३ला तिसऱ्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. प्रॉटेस्टंट धर्म राखण्याची शपथ त्यानं जुन्याच शब्दांत घेतली. पण त्या वेळी बायबलमधला उतारा वाचला तो हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी. हिंदू, शीख, मुसलमान आणि ज्यू सरदारांनी राजचिन्हं आणून दिली. आणि २३ ऑक्टोबर २०२५ला रोममध्ये, सिस्टाइन चॅपलमध्ये, चार्ल्स आणि पोप लिओ चौदावे यांनी एकत्र बसून जाहीर प्रार्थना केली. आठव्या हेन्रीनं रोमशी संबंध तोडल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. ‘एफ. डी.’ची पदवी देणारा पोप लिओ दहावा होता. लिओ दहाव्यापासून लिओ चौदाव्यापर्यंत यायला पाचशे चार वर्षं लागली.

या पाचशे वर्षांत राजांच्या श्रद्धा किती बदलल्या, याचा हिशेब इतिहासकार ठेवतील. बायकांच्या बाजूनं पाहिलं तर एक गोष्ट नजरेत भरते. कॅथरिन असो, मेरी असो, मार्गारेट असो की मारिया असो, नवऱ्याच्या, भावाच्या, राजाच्या हुकमानं यांतल्या एकीचीही श्रद्धा मनातून बदलली नाही. सही घेता आली, दंड घेता आला, जीवही घेता आला. देवघर मात्र ज्याचं त्याच्यापाशीच राहिलं. आपल्या घरात उद्या वेगळ्या वळणाची सून आली, जावई आला, किंवा आपलीच लेक आपल्याहून वेगळं काही मानू लागली, तर ‘आमच्या घरात हे चालायचं नाही’ हे वाक्य ओठांवर येण्याआधी या बायकांची आठवण व्हावी. कोनाड्यात आणखी एका तसबिरीला जागा करायला फारसं काही लागत नाही. इंग्लंडच्या राजघराण्याला मात्र त्यासाठी पाच शतकं लागली.